फिल्मखालचा उजेड : कॅमेऱ्याने निगेटिव्ह टिपताना लाइट बॉक्स कोणता घ्यावा?

हैदराबादच्या तारनाक्याला एका अंगाला उस्मानिया विद्यापीठ, दुसऱ्या अंगाला राष्ट्रीय पोषण संस्था आणि भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था. हबशीगुड्याकडे गेले की भूभौतिकी संस्था आणि पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्र, तर सिकंदराबादच्या वाटेला लागले की लालागुडा-मेट्टुगुड्याच्या रेल्वे वसाहती. १९५६पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. नांदेड-परभणी-औरंगाबादकडून शिकायला, नोकरीला आलेली कितीतरी मराठी घरे या शहरात कायमची स्थिरावली. अशा घरातली जुनी ट्रंक उघडली तर आत एकाच जातीची फिल्म क्वचितच निघते. ॲग्फा क्लिक-थ्रीने काढलेल्या १२० फिल्मच्या चौकोनी निगेटिव्ह असतात. ओर्वोच्या किंवा उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सच्या ‘इंदू’ रोलवरच्या कृष्णधवल पट्ट्या असतात. त्यानंतरच्या लग्नामुंजींच्या नारिंगी झाक असलेल्या रंगीत निगेटिव्ह असतात. घरात कोणी शास्त्रज्ञ किंवा प्राध्यापक होऊन गेले असतील, तर व्याख्यानांच्या स्लाइडांचे डबेही असतात.

हा ऐवज कॅमेऱ्याने टिपून डिजिटल करायचा म्हटले की पहिला प्रश्न येतो तो खालून लागणाऱ्या उजेडाचा. बाजारात हजार रुपयांच्या ट्रेसिंग पॅडपासून परदेशी बनावटीच्या महागड्या पेट्यांपर्यंत सगळे आहे, आणि प्रत्येक पेटीवर सीआरआयचा, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा, आकडा ठळक छापलेला असतो. सल्ला देणारेही बहुधा त्याच आकड्यापाशी थांबतात. या लेखाचे म्हणणे असे, की त्या आकड्याला मिळतो तेवढा मान त्याचा नाही. उजेड सगळीकडे सारखा आहे का हे आधी पाहावे, आपल्या ट्रंकेत कोणती फिल्म आहे हे नंतर, आणि आकडा त्यानंतर.

स्कॅनर सोडून कॅमेरा का?

निकॉनचे कूलस्कॅन बनणे बंद होऊन बराच काळ झाला. एप्सनचे फ्लॅटबेड मिळतात, पण बारीक रिझोल्यूशनवर एकेका फ्रेमला मिनिटे लागतात. उलट २४ मेगापिक्सेलचा फुल-फ्रेम कॅमेरा आणि एकास एक आकार देणारी मॅक्रो लेन्स असेल, तर ३६ बाय २४ मिलिमीटरची फ्रेम ६,००० बाय ४,००० पिक्सेलांत बसते. हे इंचाला सुमारे ४,२०० पिक्सेल झाले. घरगुती फोटोंना ते पुरून उरतात. क्लिक-थ्रीची चौकोनी फ्रेम प्रत्यक्षात ५६ मिलिमीटरची. ती त्याच सेन्सरच्या ४,००० पिक्सेलांच्या उंचीत बसवली की इंचाला सुमारे १,८०० पिक्सेल मिळतात, आणि मूळ फ्रेमच मोठी असल्याने तेही कमी पडत नाहीत. एकदा मांडणी जमली की एका संध्याकाळी शंभर-दीडशे फ्रेम सहज उरकतात.

एक गोष्ट मात्र गमावावी लागते. कूलस्कॅनसारखे स्कॅनर अवरक्त किरणांनी धूळ आणि ओरखडे ओळखून पुसत. कॅमेऱ्याच्या मांडणीत ती सोय नाही. चांदीच्या कणांची कृष्णधवल फिल्म असेल तर ती सोय स्कॅनरमध्येही चालत नसे, त्यामुळे जुन्या निगेटिव्हांपुरते नुकसान शून्य. रंगीत फिल्मसाठी मात्र ब्लोअर, मऊ ब्रश आणि चिकाटी यांवरच भिस्त ठेवावी लागते.

समोर असलेले पर्याय

सर्वांत स्वस्त म्हणजे चित्रे गिरवायचे एलईडी पॅड. यात कडेला दिव्यांची ओळ असते आणि मधला पत्रा तो उजेड पसरवतो. जाडी कमी, वजन नगण्य, यूएसबीवर चालते. दोष दोन: कडा आणि मध्य यांत फरक पडतो, आणि लाल रंगात उजेड दुबळा असतो.

त्याच्या वरची पायरी फोटोसाठीच बनवलेल्या पातळ पेट्यांची. जर्मनीच्या कायझर कंपनीचा स्लिमलाइट प्लॅनो यातला जुना, नावाजलेला. ५००० केल्विनचा उजेड, सीआरआय ९५. खास फिल्म टिपण्यासाठी निगेटिव्ह सप्लाय आणि सिनेस्टिल या कंपन्यांचे दिवे आले. सिनेस्टिलच्या सीएस-लाइटमध्ये थंड आणि उबदार असे वेगळे उजेड निवडता येतात, आणि त्यामागे विचार आहे; त्याकडे पुढे येतो.

तिसरा पर्याय व्हिडिओसाठीच्या छोट्या एलईडी दिव्यांचा. गोडॉक्स, ॲपुचर, उलांझी यांचे हातात मावणारे दिवे ९५च्या वर सीआरआय देतात. ३५ मिलिमीटरच्या फ्रेमला एवढासा दिवा पुरतो, पण त्याच्यावर दुधी ॲक्रिलिक हवेच. नाहीतर एकेका एलईडीचे ठिपके उमटतात.

चौथा पर्याय बहुतेकांच्या ध्यानात येत नाही, तो म्हणजे फ्लॅश. झेनॉन फ्लॅशचा उजेड दिवसासारखा आणि सलग वर्णपटाचा असतो, शिवाय सेकंदाच्या हजाराव्या भागात काम संपते. खालून बस-ट्रक जाणाऱ्या रस्त्यालगतच्या सदनिकेत टेबल किंचित थरथरते. संथ शटरला ती थरथर दिसते, फ्लॅशला दिसत नाही. लग्नाचे फोटो काढणाऱ्या कोणाकडेही जुना फ्लॅश पडलेला असतो. पांढऱ्या कार्डावर तो आपटवून दुधी ॲक्रिलिकखालून उजेड आणायचा. अडचण फोकस करताना येते, कारण त्यासाठी वेगळा मंद दिवा ठेवावा लागतो.

उरलेले पर्याय थोडक्यात. मोबाइल किंवा टॅबलेटचा पडदा तातडीच्या कामाला ठीक, पण फिल्म त्यावर थेट ठेवली तर पडद्याचे पिक्सेल फोटोत येतात. डॉक्टरांकडचा जुना एक्स-रे बॉक्स मोठ्या काचेच्या निगेटिव्हांना आकाराने सोयीचा. मात्र त्यातल्या ट्यूबलाइटचा वर्णपट तुटक असतो, आणि जुन्या चोकवर ती सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. बंद पडलेल्या डार्करूममधला रंगीत एन्लार्जरचा हेड मिळाला तर हॅलोजनचा उजेड रंगाला उत्तम, पण तो तापतो. हैदराबादच्या मे महिन्यात त्याखाली पातळ फिल्म उष्णतेने फुगून फोकसबाहेर जाते. खिडकीतला उजेड दर दहा मिनिटांनी बदलतो, म्हणून मालिकेच्या कामाला तो नकोच.

सारखेपणा : सर्वांत मोठी परीक्षा

पेटीचा मध्य उजळ आणि कोपरे किंचित काळपट असले तर डोळ्यांना ते जाणवत नाही. कॅमेऱ्याला जाणवते, आणि निगेटिव्ह पालटून पॉझिटिव्ह करताना तो दोष वाढतो. रंगीत निगेटिव्हचा कॉन्ट्रास्ट मुद्दाम कमी, साधारण ०.६ ठेवलेला असतो. पालटताना तो ताणून मूळ दृश्याइतका करावा लागतो, आणि त्याबरोबर उजेडातला फरकही ताणला जातो. पेटीच्या कोपऱ्यात एक तृतीयांश स्टॉपची घट असेल, तर पालटलेल्या चित्रात ती अर्ध्या स्टॉपहून जास्त होते. वर ती उलटी दिसते: जिथे पेटी काळपट, तिथे फोटोचा कोपरा पांढुरका. आकाश, भिंत, पांढरे धोतर अशा मोकळ्या जागा असल्या की हा दोष लपत नाही. वेगवेगळ्या सॉफ्टवेअरला आणि जुन्या फिल्मला दिलेले बरेच दोष खरे तर इथले असतात.

याची परीक्षा घरच्या घरी होते. फिल्म न ठेवता नुसत्या पेटीचा फोटो घ्यावा, एक्सपोजर मधल्या करड्या रंगावर आणावे आणि संगणकावर कॉन्ट्रास्ट पूर्ण वाढवावा. मग पेटी नव्वद अंशांत फिरवून पुन्हा फोटो घ्यावा. काळपटपणा पेटीबरोबर फिरला तर दोष पेटीचा. जागचा हलला नाही तर लेन्सचा. लेन्सचा दोष एफ/८ला बराच कमी होतो. पेटीचा थोडासा दोष राहिलाच तर रिकाम्या पेटीचा तो फोटो जपून ठेवावा. लाइटरूममध्ये फ्लॅट-फील्ड करेक्शन आणि कॅप्चर वनमध्ये एलसीसी या सोयी त्याच फोटोवरून सगळी मालिका दुरुस्त करतात.

गरजेपेक्षा मोठी पेटी घेण्यात फायदा आहे, कारण मधला भाग कडांपेक्षा नेहमी अधिक सारखा असतो. ३५ मिलिमीटरच्या फ्रेमसाठी ए-५ आकार, १२० फिल्मसाठीही तोच, आणि हाफ-प्लेट काचांसाठी ए-४. हैदराबाद-सिकंदराबादला काचेच्या निगेटिव्हांचे अप्रूप नाही: छायाचित्रकार राजा दीनदयाळांचा स्टुडिओ सिकंदराबादेतलाच, आणि त्यांच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने १९८९मध्ये विकत घेतल्या. जुन्या घरात अशी एखादी काच निघाली तर तिच्यासाठी मोठी पेटी लागणारच.

मात्र मोठ्या पेटीचा उघडा भाग झाकलाच पाहिजे. फ्रेमच्या भोवतीचा उजेड थेट लेन्समध्ये शिरतो आणि काळ्या भागांवर राखाडी साय धरतो. काळ्या कार्डपेपरला फ्रेमएवढी खिडकी कापून पेटीवर ठेवली की दहा रुपयांत काम होते. खोलीतले दिवे बंद करावेत, तेही याच कारणासाठी.

सीआरआय काय मोजतो आणि काय नाही

सीआरआयचा आकडा काढताना ठरावीक आठ रंगनमुने दिव्याखाली माणसाच्या डोळ्याला कसे दिसतील याची सरासरी घेतात. या आठांत गडद लाल नाही. तो ‘आर-९’ म्हणून वेगळा मोजतात आणि स्वस्त दिव्यांच्या पेटीवर त्याचा उल्लेखही नसतो. साधा पांढरा एलईडी म्हणजे निळा दिवा आणि त्यावर पिवळट फॉस्फर. त्यामुळे निळ्याचा उंच कळस, त्यानंतर ४८० नॅनोमीटरच्या आसपास खड्डा, आणि लालात उतार असा त्याचा आलेख असतो. जांभळ्या चिपवर तीन फॉस्फर चढवलेले सनलाइकसारखे नवे एलईडी हा खड्डा बराच भरून काढतात.

स्लाइडसाठी हा आकडा कामाचा आहे. स्लाइड मुळातच डोळ्याने पाहण्यासाठी बनलेली, म्हणून ती पाहण्याच्या उजेडाचे मानकही ठरलेले आहे: आयएसओ ३६६४ यासाठी डी-५० प्रकारचा उजेड आणि किमान ९० सीआरआय मागते. घरात टिपण्यासाठी ९५ असला की निश्चिंत राहावे. कोडॅक्रोम स्लाइडच्या रंगद्रव्यांचा स्वभाव निराळा असल्याने तिला निळसर छटा येते. तिथे पेटी बदलण्यापेक्षा आयटी-८ टार्गेटवरून प्रोफाइल बनवणे उपयोगी. रंग उडून लालजांभळ्या झालेल्या स्लाइडांना कोणताही उजेड परत रंग देत नाही. व्याख्यानांच्या डब्यांत निळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे असलेल्या डायझो स्लाइड असतील तर त्यांना कसलाही उजेड चालेल. तिथे फक्त अक्षर वाचायचे आहे.

कृष्णधवल निगेटिव्हला रंगच नाही, त्यामुळे सीआरआय जवळजवळ निरर्थक. तिथे उजेड किती पसरट आहे याला महत्त्व. चांदीचे कण उजेड विखुरतात, म्हणून सरळ रेषेतल्या उजेडाखाली कॉन्ट्रास्ट वाढतो आणि ओरखडे उठून दिसतात. १९०९ मध्ये आंद्रे कॅलिएने मांडलेला हा परिणाम डार्करूमवाल्यांना चांगलाच ठाऊक होता. दुधी ॲक्रिलिकमधून आलेला पसरट उजेड पन्नास वर्षे जुन्या निगेटिव्हच्या बारीक ओरखड्यांवर पांघरूण घालतो. ट्रंकेत कृष्णधवलच जास्त असेल, तर सारख्या उजेडाचे स्वस्त पॅड आणि वर चांगले दुधी ॲक्रिलिक यांनी काम निभावते.

रंगीत निगेटिव्ह : खरा वाद इथे

रंगीत निगेटिव्ह डोळ्याने पाहण्यासाठी बनलेलीच नाही. ती रंगीत कागदासाठी बनली. तिच्यातल्या सियान, मजेंटा आणि पिवळ्या थरांची घनता प्रयोगशाळांत ‘स्टेटस एम’ मापाने मोजत. त्यात निळा सुमारे ४५०, हिरवा ५४० आणि लाल ६४० नॅनोमीटरला, असे तीन अरुंद झरोके आहेत. तीन थर वेगवेगळे वाचायचे, एकाचा रंग दुसऱ्यात मिसळू द्यायचा नाही, हा त्यामागचा हेतू. कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचे लाल, हिरवे, निळे फिल्टर मात्र रुंद आणि एकमेकांत घुसलेले असतात, कारण ते जग डोळ्यासारखे पाहण्यासाठी बनवले आहेत. पांढऱ्या सलग उजेडात असा सेन्सर थरांची सरमिसळ करून वाचतो. त्यामुळे पालटलेल्या फोटोत त्वचा मातकट येते आणि एक रंग दुरुस्त केला की दुसरा बिघडतो.

म्हणून गेल्या काही वर्षांत लाल, हिरवा, निळा अशा तीन अरुंद एलईडींच्या उजेडाचा आग्रह वाढला आहे. कल्पना नवी नाही. निकॉनच्या कूलस्कॅनमध्ये वेगवेगळे रंगीत एलईडीच होते, आणि सिनेमाची फिल्म वाचणाऱ्या ॲरीस्कॅनमध्येही. झुरिक विद्यापीठात बार्बारा फ्ल्यूकिगर यांच्या गटाने जुन्या सिनेफिल्मचे नमुने वेगवेगळ्या स्कॅनरांवर वाचून पाहिले. एकाच नमुन्याचे रंग यंत्रागणिक बदलत होते, आणि त्यात प्रकाशस्रोताचा वाटा मोठा होता. आपल्या घरगुती टेबलावरही तेच घडते, फक्त मोजमाप होत नाही.

तरीही सरसकट आरजीबी घ्या असे म्हणता येत नाही. व्हिडिओच्या रंगीत दिव्यांतला लाल बहुधा ६२० ते ६३० नॅनोमीटरचा असतो. निगेटिव्हला हवा त्याहून थोडा लांबचा. तिन्ही रंग पेटीभर सारखे मिसळणे पांढऱ्यापेक्षा अवघड, आणि मिश्रण जरा हलले की एका कोपऱ्यात गुलाबी, दुसऱ्यात हिरवट झाक येते. सारखेपणाची आधीची कसोटी इथे अधिक कडक होते. शिवाय हा उजेड स्लाइडला मुळीच योग्य नाही.

मधला मार्ग थंड पांढऱ्या उजेडाचा. निगेटिव्हची नारिंगी झाक निळा उजेड गिळते, त्यामुळे उबदार दिव्याखाली सेन्सरचा निळा चॅनेल बराच मागे पडतो आणि तिथे दाणे दिसू लागतात. ५५०० केल्विन किंवा त्याहून थंड उजेड निळ्याला हात देतो. सीएस-लाइटमधला थंड उजेड नेमका याचसाठी आहे. पुढचे काम निगेटिव्ह लॅब प्रो किंवा फुकट मिळणाऱ्या डार्कटेबलमधल्या निगाडॉक्टरसारख्या साधनांचे.

अंतर आणि लुकलुक

फिल्म पेटीवर टेकवू नये. तीन-चार सेंटिमीटर वर धरली की पेटीवरची धूळ, ओरखडे आणि ॲक्रिलिकचा पोत फोकसबाहेर जातात. काचेखाली दाबली तर न्यूटनची रंगीत वलये उमटतात. त्यापेक्षा दोन्ही कडांना धरणारा होल्डर बरा. चकचकीत बाजू खाली आणि मॅट बाजू कॅमेऱ्याकडे ठेवून नंतर फोटो आडवा पालटावा. पेटीवर छोटा आरसा ठेवून त्यात लेन्सचे प्रतिबिंब बरोबर मध्यावर आले की कॅमेरा आणि फिल्म समांतर झाली.

बरेच स्वस्त पॅड उजेड मंद करण्यासाठी एलईडी वेगाने चालू-बंद करतात. शटर वेगवान असले तर फोटोत आडवे पट्टे येतात. मोबाइलने सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाचा फोटो घेतला की हा दोष लगेच उघडा पडतो. असे पॅड असेल तर उजेड पूर्ण ठेवावा आणि शटर १/१०पेक्षा संथ. आयएसओ १००, एफ/८ आणि १/३० सेकंद एवढे एक्सपोजर मिळाले तर पेटीची तीव्रता पुरेशी समजावी. त्याहून मंद असली तरी भक्कम स्टँड आणि टायमर वापरून भागते.

तारनाक्याहून खरेदी

परदेशी पेट्या मागवाव्या लागतात, पण इथे जुळवाजुळव सोपी आहे. छोटे व्हिडिओ दिवे आणि इलेक्ट्रॉनिक सामान कोठीच्या गुजराती गल्लीत बघावे, विजेचे आणि हार्डवेअरचे सामान ट्रूप बाजारात. साइनबोर्ड बनवणाऱ्यांकडे तीन मिलिमीटरचे दुधी ॲक्रिलिक कापून मिळते. घेताना त्यामागे मोबाइलचा टॉर्च धरून बघावा. टॉर्चचा ठिपका स्पष्ट दिसला तर ते पातळ, नुसता गोल उजळ डाग दिसला तर चांगले. दिवा घेताना जुनी सीडी जवळ ठेवावी. तिच्यात दिव्याचे प्रतिबिंब तिरके पाहिले की वर्णपट उलगडतो: ट्यूबलाइटच्या सुट्या रेघा, साध्या एलईडीत निळ्यानंतरची काळपट फट आणि चांगल्या दिव्यात सलग पट्टा. पेटीवरच्या छापील आकड्यापेक्षा ही तपासणी भरवशाची.

दख्खनच्या कोरड्या हवेत फिल्मवर स्थिर वीज साठते आणि धूळ चिकटते. पंखा बंद ठेवून, फरशी ओल्या फडक्याने पुसून काम केले तर बराच त्रास वाचतो. पावसाळ्यात धूळ कमी, पण बुरशीची भीती; आणि डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर तो डबा बाकीच्यांपासून वेगळा करून आधी तोच उरकावा, कारण ॲसिटेट फिल्म एकदा कुजू लागली की थांबत नाही.

मग घ्यावे काय?

कृष्णधवलच जास्त असेल तर सारख्या उजेडाचे पॅड, दुधी ॲक्रिलिक आणि काळ्या कार्डाची खिडकी. उरलेले पैसे होल्डरवर घालावेत. स्लाइडांचे डबे असतील तर ५००० केल्विन, ९५ सीआरआयची फोटोसाठीची पेटी किंवा फ्लॅश. रंगीत निगेटिव्हांचा ढीग असेल तर थंड पांढरा, ९५च्या वरचा दिवा, आणि प्रत्येक बैठकीला रिकाम्या पेटीचा एक फोटो. ट्रंकेत तिन्ही असतील, आणि बहुधा असतातच, तर शेवटची मांडणी सगळ्यांना चालते. एकच आरजीबी दिवा घेऊन सगळे भागवण्याचा मोह टाळावा. शंभरातल्या ज्या दहा फ्रेम मोठ्या करून भिंतीवर लावायच्या आहेत, त्या उद्या चांगला आरजीबी उजेड हाती आल्यावर पुन्हा टिपता येतील, अर्थात मूळ पट्ट्या जपून ठेवल्या तर. बाकीच्या नव्वदांना पांढरा, पण कोपऱ्यापर्यंत सारखा उजेड पुरतो.